एप्समच्या टेकडीवरून

लंडनच्या दक्षिणेस, जिथे शहराची वस्ती विरळ होत होत अखेर खडूच्या टेकड्यांची उघडी, गवताळ पाठ दृष्टीस पडू लागते, तिथे सरे परगण्यात एप्सम हे गाव वसले आहे. सतराव्या शतकात तेथील कडवट पाण्याच्या झऱ्याकडे रोगपरिहारार्थ येणाऱ्या धनिकांची रीघ लागली होती, आणि त्या पाण्यात आढळलेला क्षार आजही गावाचेच नाव लावून औषधांच्या दुकानांत विकला जातो. परंतु एप्समचे नाव जगाच्या तोंडी झाले ते त्या पाण्यामुळे नव्हे, तर १७८० च्या मे महिन्यात वरच्या माळावर प्रथम धावविल्या गेलेल्या, आणि दोन महायुद्धांच्या काळात न्यूमार्केटला हलविण्यात आलेली वर्षे वगळता आजतागायत त्याच माळावर होत आलेल्या डर्बीच्या शर्यतीमुळे. लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बन्बरी या दोघा उमरावांनी शर्यतीला कोणाचे नाव द्यावे याचा निकाल नाणे उडवून लावला, अशी आख्यायिका आहे. नाव डर्बीचे लागले, पण पहिल्या वर्षीचा विजय मात्र बन्बरीच्या डायोमेड या घोड्याने मिळविला. पुढे केंटकीत, आणि १९४३ पासून आपल्या महालक्ष्मीवर, जी डर्बी होऊ लागली तिचे मूळ या माळावर आहे.

माझी भाची तेथून जवळच सटनला राहते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे मुक्कामास गेलो तेव्हा १ जूनच्या शनिवारी होणाऱ्या डर्बीस घरातील सर्वांनी, म्हणजे तिची दोन्ही मुले आणि साताऱ्याहून आलेल्या तिच्या सासूबाई यांच्यासह, जायचे असा बेत तिने आधीच आखून ठेवला होता. सासूबाईंना तो ऐकून धक्काच बसला.

"रेसला? आणि पोरांना घेऊन?" त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही एकदा चला तर खऱ्या," भाची म्हणाली. "डबे घेऊन जायचंय आपल्याला. सतरंजीसुद्धा काढून ठेवलीय मी."

त्यांच्या शंकेचे मला मुळीच नवल वाटले नाही. आमच्या पिढीतील मध्यमवर्गीय मराठी घरांत रेसला जाणारा मनुष्य म्हणजे पगाराच्या दिवशी रित्या खिशाने परतणारा, बायकोच्या पाटल्या सावकाराकडे ठेवणारा मनुष्य, असाच समज होता. आणि गिरणगावातील ज्या चाळीत माझे बालपण गेले तिथून महालक्ष्मीचे मैदान चालत जाण्याइतके जवळ असल्यामुळे तो समज निराधार नाही हे मी डोळ्यांनी पाहिलेलेही होते. तरीदेखील त्याच मैदानाच्या कठड्याशी उभे राहून पहाटेच्या धुक्यात धावणारे घोडे मी लहानपणी पाहिले होते, आणि त्या दृश्याने मनाला लावलेले वेड पुढे नोकरीच्या सर्व वर्षांत टिकून राहिले. जुगाराचा तिटकारा आणि घोड्याची ओढ या दोन भावना एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे मला सांगावेसे वाटते. कारण पुष्कळांनी पहिलीपायी दुसरी गमावली आहे.

डर्बीच्या आधी एका सकाळी भाचेजावयांनी आम्हांला माळावर नेले. एप्समला आजही घोडे शिकविणारे ट्रेनर आहेत, आणि दुपारी बारापर्यंत त्या माळावरील सरावाच्या पट्ट्यांवर घोड्यांचा अग्रहक्क आहे. फिरावयास आलेल्यांनी कुत्री आवरून धरावीत, पट्टा ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडे पाहावे, असा शिरस्ता तिथे सर्वजण विनातक्रार पाळतात. आम्ही एका वाटेच्या कडेला उभे होतो. प्रथम काहीच दिसले नाही, फक्त पायांखालची जमीन किंचित थरारल्यासारखी वाटली. मग चढावरून एकामागून एक सहासात घोडे वर आले आणि आमच्यापासून काही हातांवरून निघून गेले. शेवटची एक कुमैत घोडी परतताना आमच्याजवळ थांबली, आणि तिच्यावर बसलेल्या मुलीने भाचीच्या धाकटीला हाताने खूण करून जवळ बोलाविले.

इतक्या जवळून जातिवंत घोडा पाहिला म्हणजे मनुष्य काही काळ बोलत नाही. तिची त्वचा इतकी पातळ होती की मानेवरच्या आणि खांद्यावरच्या शिरा दोरीच्या जाळ्यासारख्या उठून दिसत होत्या. पोटावर एक माशी बसली तेव्हा नेमका तेवढाच चार बोटांचा तुकडा थरथरला आणि बाकीचे अंग निश्चल राहिले. नाकपुड्या पूर्ण उघडलेल्या, आतून लालभडक. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही; जो काही वारा लागतो तो सर्व या दोन नाकपुड्यांतून, आणि चौखूर धावताना त्याचा प्रत्येक श्वास त्याच्या प्रत्येक झेपेशी बांधलेला असतो. उभा असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे त्याचे हृदय शर्यतीत दोनशेंच्या वर जाते. सारे वजन सुमारे पाचशे किलो, आणि ते पेलणारी गुडघ्याखालची नळी माझ्या मनगटाहून फारशी जाड नव्हती. पायांत नाल होते तेही लोखंडाचे नव्हेत, अॅल्युमिनियमचे, हलके. धाकटीने भीत भीत नाकावर हात ठेवला तेव्हा घोडीने मान खाली घालून तिच्या तळव्यावर एक लांब, गरम फूत्कार सोडला, आणि ती पोर इतकी हर्षभरित झाली की घरी पोहोचेपर्यंत तिने तो हात कशालाच लावला नाही.

या जातीचा इतिहास मोठा विलक्षण आहे. आज जगात जितके थरोब्रेड घोडे आहेत त्यांची पितृवंशावळ सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात आणलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपाशी जाऊन थांबते: बायर्ली तुर्क, डार्ली अरब आणि गोडॉल्फिन अरब. त्यांतही बहुसंख्य शाखा एकट्या डार्ली अरबाच्या. तो घोडा १७०४ मध्ये सिरियातील हलब शहराहून टॉमस डार्ली नावाच्या व्यापाऱ्याने यॉर्कशायरात पाठविला होता. त्याच्याच वंशात १७६४ साली, सूर्यग्रहणाच्या दिवसांत, एक शिंगरू जन्मले म्हणून त्याचे नाव एक्लिप्स ठेवण्यात आले. तो घोडा आयुष्यात एकही शर्यत हरला नाही, आणि त्याची पहिली शर्यत १७६९ च्या मे महिन्यात याच एप्समच्या माळावर झाली. अरबी रक्ताची थोरवी आपल्या लोकांनाही अवगत होती. भीमेच्या आणि नीरेच्या खोऱ्यात आपल्याकडील काटक तट्टांशी अरबी घोड्यांचा संकर होऊन जी भीमथडीची घोडी निपजली, त्यांनी मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत नेल्या. परंतु आपली पागा मुलूखगिरीसाठी होती: दिवसेंदिवस मजल मारणारे, मूठभर चंदीवर निभावणारे, घाट चढणारे जनावर आपल्याला हवे होते, इंग्रज उमरावांना हवे होते ते अडीच मिनिटांचे तेज. गरजेप्रमाणे माणसाने घोडा घडविला. मला दोन्ही पूज्य आहेत.

डर्बीच्या दिवशी सटनहून आगगाडीने निघालो. एप्सम डाउन्सचे स्थानक १८६५ साली केवळ शर्यतीच्या गर्दीसाठी नऊ फलाटांचे बांधले होते. आता तिथे एकच फलाट उरला आहे. गाडीत एका बाकावर उंच रेशमी टोपी घातलेले गृहस्थ, त्यांच्या समोर दुधाची बाटली तोंडात धरलेले तान्हे मूल मांडीवर घेतलेली आई, आणि दाराशी भल्या मोठ्या टोपल्या घेऊन उभे असलेले शाळकरी वयाचे भाऊ, असा सरमिसळ समुदाय होता. स्थानकात उतरल्यावर सर्वांनी एकच वाट धरली.

इथे या मैदानाची रचना सांगणे भाग आहे, कारण सारे रहस्य तिच्यात आहे. एप्समचा मार्ग वर्तुळाकार नाही. तो घोड्याच्या नालाच्या आकाराचा आहे. एका टोकाला प्रारंभ, दुसऱ्या टोकाला अखेर आणि भव्य स्टँड, व मधल्या पोकळीत उंचवट्याची जी जागा आहे तिला नुसते 'हिल' म्हणतात. स्टँडमध्ये बसण्यासाठी पैसे पडतात, आणि राजघराण्यापासून उद्योगपतींपर्यंत ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे तिथे कक्षांची वर्गवारी आहे. परंतु टेकडीवर जो येईल त्याला मज्जाव नाही, तिकीट नाही. आम्ही गेलो तेव्हाही नव्हते. या माळाचे नियमन करणारा १९८४ चा जो खास कायदा आहे त्याने जनतेला हवा व व्यायाम यांसाठी पायी तिथे संचार करण्याचा हक्क दिलेला आहे. पण तो हक्क काही १९८४ मध्ये जन्मास आला नाही. मेंढरे चारणाऱ्या गावकऱ्यांच्या मामुली वहिवाटीतून तो चालत आला, आणि उमरावांनी आपली शर्यत त्या वहिवाटीच्या जमिनीवर मांडली म्हणून पहिल्या दिवसापासून ती पाहण्याचा अधिकार सर्वांचा झाला. माझ्या मते डर्बीची सारी थोरवी या एका गोष्टीत साठविलेली आहे. घोडा पाळणे हे लक्ष्मीपुत्रांचे काम, ते तसेच राहणार. परंतु घोडा धावताना पाहण्याचे सुख ज्या देशाने आपल्या मोलकरणींना, शाळामास्तरांना, बोटीवरच्या हमालांना पिढ्यान्पिढ्या विनामूल्य दिले, त्या देशात शर्यत हा कुटुंबाचा उत्सव होऊन बसला यात आश्चर्य ते काय?

टेकडीवर पोहोचल्यावर सासूबाई क्षणभर थबकल्या, आणि मग म्हणाल्या, "अगं, ही तर आपली म्हसवडची जत्रा!" खरोखरच तसे होते. आकाशपाळणे फिरत होते, साखरेच्या गुलाबी कापसाभोवती पोरांची झुंबड उडाली होती, एकीकडे वाद्यांचा गलबला, दुसरीकडे भविष्य सांगणाऱ्या बायांच्या गाड्या. सतरंज्या पसरून पाचपाच, सातसात माणसांची घरे मांडी घालून बसलेली. शीख कुटुंबे होती, नायजेरियन होती, आमच्या शेजारी तीन पिढ्यांचे एक लंडनकर कुटुंब होते. त्यातील आजीबाई आपल्या आईबापांबरोबर लहानपणापासून इथे येत होत्या, आणि आता पणतवंडाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी आम्हांला थंड मांसाचे तुकडे देऊ केले, आम्ही नम्रपणे नाकारून त्यांना पुरणपोळी दिली. तिच्यावर तूप घेतात हे कळल्यावर त्यांनी डबीतले तूपही मागून घेतले.

या जनसमुदायाचे चित्र विल्यम फ्रिथ नावाच्या चित्रकाराने १८५८ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडले तेव्हा ते पाहण्यासाठी इतकी रेटारेटी झाली की चित्रापुढे कठडा उभारावा लागला. मी ते टेट संग्रहालयात पाहिले आहे. चित्राचे नाव डर्बीचा दिवस, पण घोडे त्यात जवळजवळ नाहीतच. आहेत ती माणसे. मध्यभागी कसरती करणारा एक डोंबारी हात पसरून उभा आहे आणि त्याचे लहानगे पोर, बापाच्या हातांत उडी घेण्याचे विसरून, शेजारी एक चाकर श्रीमंतांच्या फराळाचे ताट मांडतो आहे तिकडे एकटक पाहत आहे. त्या उपाशी मुलाची नजर टिपणारा चित्रकार टेकडीला भाबडेपणाने भुललेला नव्हता. समानता तिथे होती ती केवळ पाहण्याची. खाण्यापिण्याची नव्हती, आणि आजही नाही. तरी पाहण्याची तेवढी होती, हेही त्या काळी लहान नव्हे. शर्यतीच्या दिवशी पार्लमेंटचे कामकाज तहकूब करण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षे होता.

दुपारी मुलांना घेऊन टॅटनम कॉर्नरपर्यंत गेलो. उतारावरून भरधाव येणारे घोडे जिथे डावीकडे वळून अखेरच्या सरळ मार्गाला लागतात ते हे वळण. १९१३ साली, ४ जून रोजी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन याच ठिकाणी कठड्याखालून वाकून मार्गावर आली. पाचवा जॉर्ज बादशहाच्या अॅन्मर नावाच्या घोड्याची धडक तिला बसली आणि चार दिवसांनी ती मृत्यू पावली. तिच्या स्मरणार्थ तिथे एक फलक आहे, आणि गावातील बाजारचौकात बाकावर बसलेला तिचा पुतळा २०२१ मध्ये बसविण्यात आला. भाचीच्या थोरल्याने तो फलक मोठ्याने वाचून काढला आणि विचारले, "आजोबा, घोड्याचं काय झालं?" घोडा पडला, उठला आणि जॉकीवाचून शर्यत पुरी करून गेला, हे मी त्याला सांगितले. मग तो बराच वेळ त्या वळणाकडे पाहत राहिला, आणि मुलांना इतिहास शिकविण्यासाठी यापेक्षा योग्य जागा मला दुसरी आठवेना.

याच वळणाशी आपलाही काही इतिहास जडलेला आहे, आणि तो सांगताना माझा स्वर थोडा चढला असेल तर त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. १९३४ साली राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅड या घोड्याने डर्बी जिंकली. हिंदी संस्थानिकाच्या मालकीच्या घोड्याने ती जिंकण्याचा तो एकमेव प्रसंग. कराचीत जन्मलेले आणि मुंबई-पुण्यास ज्यांचे घरदार होते ते तिसरे आगाखान यांनी तर १९३० पासून १९५२ पर्यंत पाच वेळा हा मान मिळविला. पुण्यात यरवड्याजवळच्या ज्या आगाखान महालात कस्तुरबांनी देह ठेवला तो महाल त्यांचाच. आणि बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड: त्यांनी २८,००० गिनी, म्हणजे वर्षाच्या शिंगरासाठी तोवर कोणी न मोजलेली रक्कम, देऊन एक घोडा घेतला आणि त्याला आपल्या थोर आजोबांचे नाव दिले, सयाजीराव. १९४७ च्या डर्बीत पहिला आला फ्रान्सचा पर्ल डायव्हर; दुसरा आगाखानांचा मिगोली, तिसरा सयाजीराव. त्याच वर्षी सप्टेंबरात, हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, डोंकास्टर येथील सेंट लेजरची शर्यत सयाजीरावाने जिंकली, आणि त्याच्यावर बसला होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी, ज्याने १९४३ मध्ये बडोदेकरांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीवरून महालक्ष्मीची पहिली इंडियन डर्बी मारली होती. रयतेच्या पैशाने चाललेल्या संस्थानिकांच्या उधळपट्टीचे मी समर्थन करणार नाही. पण इंग्रजांच्या घरच्या मैदानावर हजारो कंठांतून आपल्या सयाजीरावांचे नाव निघाले असेल, या कल्पनेने मला अजूनही भरून येते.

टेकडीवर बुकींच्या उंच घडवंच्या ओळीने मांडल्या होत्या आणि फळ्यांवरचे आकडे सारखे बदलत होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ दैवाचा नव्हे, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने तो यथायोग्य असेल, घोडा ओळखणे हे कौशल्य आहे यात तर वादच नाही. पण ज्याला ते कौशल्य नाही आणि घरी चूल पेटवायची आहे, त्याच्या हातून रोजचा पगार काढून घेणारी व्यवस्था निर्दोष ठरत नाही, हे माझे मत त्या आनंदाच्या दिवशीही बदलले नाही. भाचीच्या घरची रीत मला आवडली. सोळा घोड्यांच्या नावांच्या सोळा चिठ्ठ्या करून त्या भाचेजावयांच्या टोपीत टाकल्या. प्रत्येकाने आळीपाळीने उचलायच्या, आणि ज्याचा घोडा पहिला त्याला चॉकलेटची पेटी. शेजारच्या आजीबाईंच्या घरालाही त्यात सामील करून घेतले. धाकटीला मिळाला व्हॉयेज नावाचा घोडा. सासूबाईंच्या वाट्याला लॉस एंजेलिस आला, आणि ते नाव उच्चारताना त्यांची जी तारांबळ उडाली तिच्यात सर्वांनी मनमुराद भाग घेतला.

साडेचारच्या सुमारास एकाएकी सर्व टेकडी उभी राहिली. डर्बीचे अंतर दीड मैल, म्हणजे सुमारे २,४०० मीटर. घोडे फक्त तीन वर्षांचे, आणि वयाची गणना सर्वांची १ जानेवारीपासून, जन्म कोणत्याही महिन्यातला असो. आरंभीच्या अर्ध्या भागात सुमारे चाळीस मीटरांचा चढ आहे, मग टॅटनम कॉर्नरपर्यंत उतार, पुढे सरळ मार्ग, पण तोही सपाट नाही. आतल्या कठड्याकडे कललेला, आणि शेवटी पुन्हा किंचित चढ. केवळ वेगवान घोडा चढावर गुदमरतो, केवळ दमदार घोडा उतारावर मागे पडतो, आणि ज्याचा तोल कच्चा तो त्या कललेल्या पट्टीवर भरकटतो. अठराव्या शतकात हे सर्व कोणी योजून केले नव्हते. माळ होता तसा घेतला, आणि त्या माळाने अडीचशे वर्षे घोड्यांची परीक्षा घेतली.

फाटके उघडली. त्याच क्षणी पडद्यावर दिसले की एक घोडा अडखळला आणि त्याचा जॉकी खाली आला. तो व्हॉयेज होता. धाकटीने माझा हात गच्च धरला. पण घोडा थांबला नाही. रिकाम्या रिकिबी हेलकावत, पाठीवर कोणी नसताना तो इतरांबरोबर धावू लागला, आणि चढावर दूरवर जी रंगीबेरंगी रेषा सरकताना दिसत होती तिच्यात आम्ही सारे त्या एका मोकळ्या घोड्याला शोधू लागलो. दूर असताना शर्यतीला आवाज नसतो. वळणावर मात्र प्रथम लोकांचा ओरडा आमच्याकडे धावत आला, मागून टापांचा. अँबिएंट फ्रेंडली पुढे सरसावला असे वाटत होते तोच आतल्या कठड्याकडून, म्हणजे आमच्याच बाजूने, सिटी ऑफ ट्रॉय आला. त्याच्या मानेची लय पाहून माझ्या तोंडून "आला!" असा शब्द निघून गेला. महिन्यापूर्वी न्यूमार्केटला हाच घोडा दारुण हरला होता, पुष्कळांनी त्याच्यावर पाणी सोडले होते. त्याचे ट्रेनर एडन ओब्रायन यांनी सोडले नाही. रायन मूर या जॉकीने त्याला पावणेतीन लांबींनी विजयी केले, आणि ओब्रायन यांची ती दहावी डर्बी ठरली. लॉस एंजेलिस तिसरा आला. अडीच मिनिटांच्या त्या अवधीत सासूबाई सतरंजीवर उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या, आणि त्यांच्या पायाखाली द्रोणातली भजी चिरडली गेल्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

व्हॉयेजवरून पडलेल्या जॉकीला गंभीर इजा झाली नसल्याचे कळेपर्यंत धाकटीने आइस्क्रीमला हात लावला नाही. त्यानंतर मात्र तिच्या प्रश्नांचा पूर लोटला. घोड्याला चाबूक का मारतात? आता नियम कडक झाला आहे, सपाट शर्यतीत सहापेक्षा अधिक वेळा उगारता येत नाही, हे भाचेजावयांनी सांगितले. मला विचाराल तर तेही मोजून सहा अधिकच. म्हातारे झाल्यावर घोडे कुठे जातात? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे कठीण आहे, कारण काहींचे वार्धक्य सुखाचे असते आणि पुष्कळांचे नसते. मी तिला पुण्याची हकीकत सांगितली: पूनावाला घराण्याने १९४६ मध्ये शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली, निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, तिथे त्यांच्या रक्तातील द्रवापासून धनुर्वातावरचे प्रतिविष व विषावरची औषधे सिद्ध होत, आणि त्यातूनच १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सीरम इन्स्टिट्यूट काढली, जिच्या लसी आज जगातील कोट्यवधी मुलांना टोचल्या जातात. "म्हणजे मलासुद्धा?" तिने दंड पुढे करून विचारले. तुलासुद्धा टोचली असेल, मी म्हणालो.

परतीच्या गाडीला गर्दी फार, म्हणून आम्ही उशिरापर्यंत गवतावरच बसून राहिलो, आणि साहजिकच गोष्ट महालक्ष्मीवर आली. १८८३ सालापासूनचे ते मैदान. भाडेपट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपल्यावर त्याचे काय करावे हा वाद दहा वर्षे चालला, आणि अखेर २०२४ मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे व उरलेली ९१ एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ठेवण्याचे शासनाने ठरविले. मुंबईला मोकळ्या जागेची केवढी निकड आहे हे ज्याने चाळीत दिवस काढले त्याला सांगावयास नको, म्हणून उद्यानाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु त्या उद्यानात आणि धावपट्टीत केवळ एक कठडा असावा, भिंत नसावी. रविवारी डबा घेऊन आलेल्या परळच्या किंवा धारावीच्या मुलाला हिरवळीवर बसून, खिशातून एक पैसा न काढता, घोडे धावताना दिसावेत, एवढी तजवीज ज्यांच्या हाती नकाशे आहेत त्यांनी अवश्य करावी. टर्फ क्लबालाही त्याचा लाभच होईल, कारण ज्या खेळाकडे मुले पाहत नाहीत त्याला नवे चाहते मिळणार कोठून? हे मी त्या टेकडीवर भाचेजावयांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मामा, हे तुम्ही लिहून पाठवा तिकडं." म्हणून लिहिले.

इंडियन डर्बी फेब्रुवारीत असते. मुलांना त्या सुमारास शाळेची आठवडाभर सुटी मिळते, असे भाचीने पंचांगासारखी वहीच काढून दाखविले. सासूबाईंनी साताऱ्याहून परस्पर मुंबईला यायचे कबूल केले, आणि पहाटेचा सराव पाहायचा तर मुक्काम परळलाच करावा लागेल, हे मी सर्वांना बजावून ठेवले.